अकरा मात्रांचं घर

कडा,
१८ एप्रिल २०१६

चि. बद्रीनाथ,

आशीर्वाद. तेलगावची तुझी माणसं बरी असतील असं धरून चालते. इथलं काय सांगायचं? नळाला पाणी नाही, टँकर येतो तेव्हा येतो. आमच्या महिला दूध संस्थेचं संकलन निम्म्यावर आलं आहे. जनावरं चारा छावणीत आहेत आणि बायकाही तिथेच. मी अध्यक्ष असल्यामुळे रोज सकाळी छावणीत जाऊन चाऱ्याच्या गाडीवाल्याशी भांडते. ते मला जमतं.

आमचा गहिनी घरी आला आहे हे तुला माहीत असेल. नसेल तर सांगते. मार्चअखेर आला. या महिन्याच्या सुरुवातीला मळ्यात पडला. उजवा पाय मोडला, प्लास्टर मांडीपर्यंत आहे. पडून असतो.

तुमच्या बँडचं काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं, हे मी विचारत नाही. तूही लिहू नकोस. माझं काम वेगळं आहे.

गहिनी बोलत नाही. विचारलं तर मानेने हो किंवा नाही, तेवढंच. त्याच्या त्या बेस गिटारच्या चारही तारा त्याने काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकायला लावल्या. गाणंही ऐकत नाही. ज्या मुलाच्या कानातून मी वायरी ओढून काढत असे, तो आता छताच्या पत्र्याकडे बघत पडून असतो.

गेल्या वर्षी त्याने स्वतः बांधलेलं एक गाणं माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं. त्यात तूही वाजवतोस. तुम्ही त्याला जॅझ फ्यूजन म्हणता, एवढं नाव मला ठाऊक आहे. ते मी परवापासून ऐकायला घेतलं. मी गणित घेऊन बी.एस्सी. केलं, भजनी मंडळात आठ मात्रांचा केरवा धरला, म्हणून वाटलं, मोजता येईल. आठ मोजले की गाणं कुठेतरी पुढे निघून गेलेलं असतं. सोळा मोजले तरी तेच. सम कुठे आहे हेच कळत नाही. चौघं चार दिशांना पळत सुटल्यासारखे वाजवता आणि मध्येच अचानक एका जागी येऊन उभे राहता. कसे?

माझी धाकटी जाऊ छबुबाई म्हणाली, "आक्का, हे गाणं हाय का कुट्टीची मशीन बिघडलीय?" तिला तू आठवतोस. दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून तिची पितळी घागर वाजवली होतीस. तिला अजून वाटतं की पोचा तूच पाडलास.

तर मला एवढं कळव : नवख्या माणसाने या संगीताची सुरुवात कुठून करायची? फोन करू नकोस. घर लहान आहे आणि त्याचे कान तुला माहीत आहेत. पत्र संस्थेच्या पत्त्यावर पाठव.

सरस्वतीबाई सुंदरराव
अध्यक्ष, महिला दूध संस्था, कडा


कडा,
१२ मे २०१६

चि. बद्री,

तुझं पत्र मिळालं. अक्षर भयंकर आहे, पण सांगितलंस नीट. मी तसंच केलं.

सगळं एकदम ऐकू नका, एकच वाद्य धरा आणि बाकीच्यांना जाऊ द्या, असं तू लिहिलंस. मी बेस धरला. आधी तो ऐकूच येईना. मग मोबाइल पत्र्याच्या डब्यात ठेवून ऐकला, तेव्हा खालून घुमायला लागला. दुसरं तू लिहिलंस की हे आठाचं नाही, अकराचं आहे. तीन, तीन, तीन आणि शेवटी दोन. ते वाचून माझी मला लाज वाटली. इतकी साधी बेरीज! पण बद्री, कागदावर बेरीज होते, हात ऐकत नाही. तीनदा तीन झाले की चौथ्यांदाही तीनच पडतात. शेवटची ती एक मात्रा सोडायची, तर हात सोडत नाही. आणि एकदा चुकलं की पुढचं सगळंच चुकत जातं.

मी दुपारी बाजरी निवडायला बसते तेव्हा त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसते. गाणं लावायचं आणि डब्याच्या झाकणावर बोटांनी धरायचं. त्याच्याकडे बघायचं नाही. असं आठवडाभर चाललं. छबुबाई म्हणाली, "आक्का, डोक्यावर ऊन चढलं काय गं?" मी म्हणाले, "तुझं काम कर."

परवा मी अशीच चुकत होते आणि आतून आवाज आला, "उशीर करतेस, आई."

मी बाजरीकडेच बघत राहिले. म्हटलं, "कुठे?"

"शेवटी. दोनच आहेत. तू तिसऱ्याची वाट बघत बसतेस."

"मग काय करू?"

 त्याने दोन बोटांनी स्वतःच्या प्लास्टरवर वाजवून दाखवलं. टक टक टक, टक टक टक, टक टक टक, टक टक. कोरडा, पोकळ आवाज. मी पुन्हा चुकले. तो वैतागला. "नाही गं, नाही!" म्हणाला. बद्री, त्या घटकेला तो माझ्यावर ओरडला याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आता रोज दुपारी तो मला चुका दाखवतो. चार शब्द, कधी सहा. काल चहा मागितला.

एक गोष्ट मात्र घडली. मळ्यातल्या विहिरीवर मी लोखंडी जाळी बसवून घेतली. वेल्डर म्हणाला, "बाई, विहीर खडखडीत कोरडी हाय, जाळी कावून?" त्याला म्हटलं, जाळी करायची की प्रश्न विचारायचे ते ठरव. हे छबुबाईने घरात बोलून टाकलं. दुपारी गहिनीने विचारलं, "जाळी कशाला?"

"शेळ्या पडतील म्हणून."

"आपल्याकडे शेळ्या नाहीत, आई."

मी गाणं लावलं आणि डबा पुढे ओढला. 

तुझी,
सरस्वती काकू


कडा,
५ जून २०१६

चि. बद्री,

हे पत्र नीट वाच आणि वाचून फाडून टाक.

गहिनी पडला असं मी तुला लिहिलं. पडला नाही. विहिरीत त्याने स्वतः उडी टाकली. तळाला पाणी नव्हतं, गाळ होता, म्हणून पायावर निभावलं. मागच्या वर्षीसारखं पाणी असतं तर आज मी तुला हे लिहीत नसते. त्याला पोहता येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही.

का केलं ते त्याने सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही. नगरच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू आहेत. एकटं सोडू नका आणि बोलतं ठेवा, असं ते म्हणाले. एकटं मी सोडत नाही. बोलतं कसं ठेवायचं, ते त्यांच्या कागदावर नव्हतं.

आता जे झालं ते सांगते. गेल्या सोमवारी मला ते जमलं. एकदा जमलं म्हणून पुन्हा लावलं, पुन्हा जमलं. अकरा मात्रांवर हात बरोबर समेवर पडायला लागला, आणि तुम्ही चौघं कुठे येऊन उभे राहता ते मला पहिल्यांदा दिसलं. त्या क्षणी मला खरंच फार छान वाटलं, ते खोटं नाही. मी आत बघितलं. गहिनी म्हणाला, "जमलं तुला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून पुन्हा गप्प आहे.

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकले. तिसरी मात्रा घातली, पूर्वीसारखी. तो म्हणाला, "मुद्दाम करू नकोस." एवढंच. त्याला कळतं, बद्री. खरी चूक कशी ऐकू येते आणि खोटी कशी, हे त्याला कळतं. मी आता खरी चुकू शकत नाही. एकदा शिकलेलं हातातून काढून कसं टाकायचं, ते मला माहीत नाही.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन अंगणात चालतो. डॉक्टर म्हणतात, महिनाभरात काठी सुटेल.

परवा छावणीवर ढग आले. बायका दावणीतून उठून बाहेर आल्या. छबुबाई ओरडली, "आक्का, बघा की वर! आलाय, आलाय!" आणि मला धरून गदागदा हलवलं. संस्थेची अध्यक्ष मी, दूध वाढावं म्हणून पाऊस मागणं माझं काम. सगळा तालुका वर बघत होता आणि मी खाली बघत उभी होते. पडू नकोस, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या एका मुलासाठी एवढ्या जनावरांच्या तोंडचं पाणी मी नको म्हणाले. ढग गेले. छबुबाई रडली. मी तिला समजावलं.

माझ्या विहिरीवर जाळी आहे. कड्यात विहिरी किती, शेततळी किती, पलीकडे नदी आहे. मी कुठे कुठे जाळ्या टाकू? चाऱ्याच्या गाडीवाल्याला मी वाटेवर आणते, दूध संघाच्या साहेबांना उभं करून उत्तर मागते. इथे कोणाशी भांडायचं तेच सापडत नाही.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. मागच्या पत्रात तू म्हणालास की आता तुम्हाला याहून सोपं, ऐकायला गोड असं काही पाठवतो, म्हणजे गोडी लागेल. पाठवू नकोस. मला गोडी नको आहे.

मला अवघड पाठव. तुमच्यातल्या सगळ्यात अवघड माणसाने बांधलेलं पाठव, ज्यात तेराचे सतरा होतात आणि मध्येच मोडतात, जिथे तुझा हातही अडखळतो. माझं वय एकसष्ट आहे. या जन्मात मला जमणार नाही असंच काहीतरी शोध. सोडवून सांगू नकोस. बेरीज लिहू नकोस. नुसतं पाठव.

आणि जमलं तर तूही ये. त्याला कळवून येऊ नकोस, आणि आल्यावर त्याला काही विचारू नकोस. घागर घेऊन ओट्यावर बस. पोच्याचं छबुबाईला मी सांगेन.

मात्र जे करशील ते लवकर कर. आज पुन्हा नगरच्या बाजूला काळं झालं आहे.

गहिनीची आई