डाव्या हाताचा गाऊन

प्रिय नकटे,

तुला या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले, म्हणून मुद्दाम मारते. फोन केला की तुझी सून उचलते आणि म्हणते, मावशी, आई झोपल्यात. सकाळी विचारावं तर झोपल्यात, संध्याकाळी विचारावं तर झोपल्यात. अगं, उभ्या जन्मात तू कधी दुपारची पाठ टेकली नाहीस! मागे मी थेट दारात येऊन उभी राहिले, तेव्हाही तू झोपलेलीच होतीस, आणि आतून तुझा खोकला मला स्वच्छ ऐकू येत होता. मी रागावले नाही हं. चपला घातल्या आणि परत आले. दवाखान्यातून आल्यापासून, उजवा हात असा गप्प पडल्यापासून तुला कुणी बघायला नको असतं, हे मला कळतं. कळतं, पण करमत नाही. म्हणून हे पत्र. चुका काढत बसू नकोस. आपल्या दोघींत शाळा तुझ्या वाट्याला आली आणि शिवणयंत्र माझ्या. मी बोलते तसं लिहिणार, तू ऐकतेस तसं वाच.

आधी आनंदाची बातमी. आपल्या पोरीचं, म्हणजे माझ्या नातीचं, दुकान चाललंय! दुकान म्हणजे शटर नाही, पाटी नाही, गल्ला नाही. दुकान फोनमध्ये आणि माल आमच्या पुढच्या खोलीत. खोकी इतकी, की तुझ्या भाच्याला टीव्हीपर्यंत पोचायला आडवं चालावं लागतं. चांगली नोकरी सोडली म्हणून हाच तिचा बाप महिनाभर तोंड फुगवून होता. आता ऑफिसातून आला की न सांगता चिकटपट्टी घेऊन बसतो आणि खोकी बंद करतो. वर मलाच ऐकवतो, आई, कडा नीट दाब, माल परत येतो. मी नुसती बघते आणि मनात हसते.

माल येतो चीनमधून. दुकान पाहिलेलं नाही, दुकानदार पाहिलेला नाही, फोटो बघायचा आणि मागवायचं. पहिल्यांदा पोरीने दिवे मागवले. फोटोत सोफ्याशेजारी उभा केलेला असा देखणा दिवा, की मीच म्हटलं, एक आपल्यालाही ठेव. खोकं आलं तेव्हा मला वाटलं, हे आतलं कसलं तरी छोटं खोकं असेल. बाई, दिवा माझ्या अंगठ्याएवढा! बाहुलीच्या घरात ठेवायचा होता म्हणे तो, आणि फोटोतला सोफाही बाहुलीचाच. माप लिहिलेलं होतं, पण ते वाचायचं सोडून आम्ही तिघं फोटोवर भाळलो. पोरगी आधी रडली, मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्यावरून ती शहाणी झाली. आता आधी सॅम्पल. म्हणजे कारखान्याने एक नग करून पाठवायचा. आपण तो घालून, धुऊन, ओढून बघायचा. काय चुकलं ते कळवायचं, की ते दुसरा करतात. आपण पसंत म्हटलं की तो नग दोघांनी जपून ठेवायचा आणि बाकीचा सगळा माल हुबेहूब तसाच निघायचा. एकदा का कापड कापायला घेतलं, की मग तोंड उघडायची सोय नाही. मला ही पद्धत फार आवडली. माणसांचंही असं सॅम्पल येत असतं, तर तुझ्या भावजींना मी निदान दोनदा तरी दुरुस्तीला परत पाठवलं असतं.

तिकडच्या कारखान्यातली एक मुलगी आमच्याशी बोलते. तिच्या फोटोच्या जागी चष्मा लावलेलं मांजर आहे, म्हणून मी तिला मांजरवाली म्हणते. ती तिच्या भाषेत लिहिते आणि फोन ते आपल्या भाषेत करून दाखवतो. तिचा पहिलाच निरोप मी वाचला, "प्रिये, आज तू कशी आहेस?" मी लाजून लाल! तुझ्या भावजींनी संसारभर मला "अगं ऐकलंस का" यापलीकडे हाक मारली नाही. पोरगी म्हणाली, आजी, हुरळू नकोस, त्या सगळ्यांनाच प्रिये म्हणतात. म्हणेनात का. मला तर म्हणतात ना!

तर आता मुद्द्याचं सांगते. मी एक गाऊन शिवला. समोरून उघडणारा, आणि सगळा एका डाव्या हाताने घालता येईल असा. हे बघ, तू भुवया चढवल्यास, मला इथून दिसतंय. थांब, आधी गंमत ऐक. उजवी बाही सैल ठेवली आणि खालपासून काखेपर्यंत उघडी, म्हणजे न हलणारा हात आधी तिच्यात अलगद ठेवता येतो. डावी बाजू वर घेतली. बटणं मोठी, लाकडी. मग माझा उजवा हात टॉवेलने कमरेला बांधला आणि घालून बघायला लागले. इतक्यात पोरगी आत आली. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण मग पलंगाच्या कडेला बसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आजी, असा गाऊन कितीजणींना हवा असेल गं. माझा गाऊन तिने नमुना म्हणून चीनला धाडला.

सॅम्पल आलं. बघते तर दोन्ही बाह्या अगदी सारख्या, उजवी बाजू वर, आणि नाजूक इवलीइवली बटणं! सोबत निरोप, "प्रिये, तुमच्या नमुन्यात चुका होत्या. आम्ही त्या फुकट दुरुस्त केल्या." आम्ही कळवलं, त्या चुका नाहीत, तसंच हवंय. दुसरं सॅम्पल आलं, त्यात बाही सैल केली, पण दोन्हीकडे. इतकी सज्जन माणसं, की आमची चूक राहूच देईनात! शेवटी पोरीने माझा टॉवेल बांधलेला व्हिडिओ काढून पाठवला. मी घामाघूम, केस विस्कटलेले, एका बटणाशी झोंबतेय. मला वाटलं, हसत असतील सगळे.

आणि मग तिचाच व्हिडिओ आला. मांजराच्या जागी खरी मुलगी, आपल्या पोरीच्याच वयाची. उजवा हात खिशात घालून माझाच गाऊन चढवत होती. बाही जमली, पहिलं बटण जमलं, दुसऱ्याला तिने दात लावले. मग थांबली आणि लिहिलं, बटणं नकोत. वरून नुसतं दिसायला बटण शिवू आणि आत लोहचुंबक ठेवू, बोटांनी दाबलं की बसेल. अगं, काय डोकं! तिसरं सॅम्पल तसं आलं. टप, टप, टप, लागला गाऊन. तू हसशील, पण मी तो दिवसभर काढलाच नाही. धुतला तेव्हा मात्र फजिती झाली. यंत्राचं झाकण उघडलं तर गाऊन आतल्या पत्र्याला असा कवटाळून बसलेला, की पोरगी किंचाळली. आता सोबतच्या चिठ्ठीत लिहायचंय, आधी सगळी बटणं लावा, मग धुवा. आणि हो, छातीत ते हृदयाचं यंत्र बसवलेलं असेल तर हे चुंबक चालत नाही म्हणे. म्हणून मी तुझ्या सुनेला आडून विचारून घेतलं, तिला काही बसवलंय का गं? ती नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्याबद्दल काय म्हणाली असेल कोण जाणे.

सुनेवर रागावू नकोस. एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं, की सकाळी ती तुझ्या गाऊनची बटणं लावते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बसतेस. ती साधेपणाने बोलली. वर्गात जायच्या आधी कॉलर आरशात तीनतीनदा बघणारी तू. त्याच दुपारी मी कापड काढलं. फुलाफुलांचं नाही घेतलं, तुला फुलांचा तिटकारा. निळं, बारीक रेघांचं आहे आणि वर कडक कॉलर. आजारी माणसाचं वाटतच नाही.

आता हे पत्र का, ते. परवा पोरगी पसंत म्हणून कळवणार होती. तेवढ्यात मांजरवालीने विचारलं, "प्रिये, जिचा हात खरंच तसा आहे, ती काय म्हणते?" नकटे, मी टॉवेल बांधला, तिने हात खिशात घातला, पण चहाची वेळ झाली की आम्ही दोघी आपापले हात सोडवून मोकळ्या. तुला मी काही विचारलंच नव्हतं. तुझ्यासाठी सगळं केलं आणि तुलाच सोडून केलं. तिला मी कळवलंय, कापड कापू नका, पसंत करणारी वेगळी आहे. पोरगी थांबायला तयार आहे. ते तिसरं सॅम्पल या पाकिटातच घातलंय. सुनेला बाहेर पाठव, दार लावून घे आणि तुझं तू घालून बघ. हवा तेवढा वेळ घे. बाही टोचेल, कॉलर वाकडी बसेल, चुंबक ढिलं वाटेल, काय असेल ते मला सांग. आवडला नाही तर आवडला नाही म्हण, आम्ही चौथा करू, पाचवा करू. नावं ठेव, पोटभर ठेव, माझ्या शिवणीला तू नेहमी ठेवत आलीस तशीच ठेव. फक्त सुनेकडून निरोप नको. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

तुझीच,
ताई