आजीसाठी सावलीत खुर्ची

सविता,

मयूर जन्मला त्या वर्षी मी द्राक्षाची छाटणी सोडली. तोवर तुझे सासरे आणि मी वीस हंगाम पेठहून पिंपळगावला मजुरीला जायचो.

फ्रिजवर लावलेला तुझा सहलीचा कागद मी वाचला. लिहायला-वाचायला तूच शिकवलंस. माझ्या मनोजला बागेत द्राक्षं तोडायची आहेत, तर तोडू दे. लहानपणी आम्ही छाटायचो तेव्हा बागेत नुसता झोपून असायचा. मयूरच्या नावापुढे धरणातली बोट लिहिली आहेस आणि माझ्या नावापुढे सावलीत खुर्ची. पोरगं बादलीतल्या पाण्यालाही बिचकतं. बारा वर्षांचं झालं म्हणून त्याला ढकलू नकोस. त्याला खुर्ची आणि चित्रांची वही दे. त्याची बोट मी घेते.

तू "आई, वय बघा" म्हणशील, म्हणून सकाळच्या बसने पुढे जाते. गोळी घेतली आहे, भाकरी टोपलीत आहेत. बोटीतलं जाकीट घालीन. तुम्ही धरणावर पोचाल तेव्हा मी बोटीत असेन.

मजुरांच्या ट्रकमधून धरण दिसलं की तुझे सासरे म्हणायचे, "मंगल, पुढच्या वर्षी नावेत बसू." वीस वर्षं म्हणाले. मागच्या दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला ते गेले, नावेत बसायचं राहूनच गेलं.