घोड्यांशेजारचं नाव

दादा निकार्खोस,

आधी आला तो समुद्रापलीकडच्या एत्रुरियाचा व्यापारी, मागून त्याचा दुभाषी, आणि मी भट्टीपाशी कोपरापर्यंत चिखलात! लेक कुजबुजला, "आई, आत जा." मी कशाची जाते!

तू सिसिलीला गेल्यापासून घागरींवर काळे घोडे मीच रंगवते, हे तुला कुठे ठाऊक? तू घोड्यांशेजारी आपलं नाव लिहायचास. तुझं लिहायला मन घेईना, माझं लिहायला धीर होईना, म्हणून मी नुसती अक्षरं टाकते, कशीही. दुभाषी वाचायला बसला, "तोएतो... नोतो... हा कुठल्या गावचा?" हसून हसून माझं पोट दुखलं.

व्यापारी मात्र म्हणाला, "असे घोडे अख्ख्या अथेन्समध्ये नाहीत. पुढच्या घागरीवर चित्रकाराचं खरं नाव हवं." लेक चटकन म्हणाला, "मामाचं घालू."

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. आज नातीची वेणी दोनदा घातली. हे पत्र तुला धाडणार नाही; तू नको म्हणालास तर? खापरावर 'मेलित्ता' गिरवून पाहिलं, सरळ आलं. घागरीवर तेच लिहिणार. नव्या द्राक्षारसाची पिंपं उघडतात, त्या दिवशी ते दोघे परत येतो म्हणालेत.

तुझी धाकटी,
मेलित्ता