पिंप सुरात लावणारी बाई

अण्णा, आज मी एका बाईला पिंप ठोकताना पाहिलं आणि तासभर जागचा हललो नाही.

नॉर्थ यॉर्कच्या कम्युनिटी सेंटरमध्ये इथल्या ब्लॅक कलावंतांचा सोहळा होता. चित्रं, कविता, नाच, सगळं एका छताखाली. तुमची नात तिथल्या स्टीलबँडमध्ये वाजवते. तेलाचं पिंप कापायचं, तळ ठोकून खोलगट करायचा आणि त्यात जागोजागी सूर बसवायचे, असं ते वाद्य. मी आपला तिला सोडून कॉफी प्यायला सटकणार होतो. पण कार्यक्रमाआधी एक बाई सगळ्यांसमोर वाद्यं सुरात लावत बसली होती. सत्तरीची, मूळची त्रिनिदादची, डोक्याला पिवळा रुमाल घट्ट बांधलेला. काम करता करता सांगत होती की तिच्या पूर्वजांना गुलाम म्हणून त्या बेटावर आणलं, पुढे गोऱ्या सरकारने त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. मग त्यांनी बांबू आपटले, डबे बडवले आणि शेवटी टाकून दिलेल्या पिंपांतून सूर काढले. "ढोल नेले, पण हात कुठे नेणार होते?" एवढं म्हणून तिने हातोडी उचलली. एक ठोका, मान तिरकी, मग खालून दुसरा. एक सूर जागेवर आला की शेजारचा बिघडायचा, की ती निमूट तिकडे वळायची. भरलेलं सभागृह चिडीचूप. मग तळहाताएवढ्या त्या पत्र्यातून असा स्वच्छ सूर निघाला की माझ्या अंगावर काटा आला. टाकलेल्या लोखंडात हे होतं, आणि ते ऐकू येणारी माणसं होती, याचंच मला नवल वाटत राहिलं.

आणि मला तुम्ही दिसता. दुकानात पाठमोरे जेवायला बसलाय, हातात भाकरीचा तुकडा, मागे गडी तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके देत मठार काढतोय. तुम्ही न वळता म्हणता, "तिथे पातळ झालं. पुढे सरक." तो हंडा उजेडात धरतो, आणि पत्रा खरोखरच पातळ झालेला असतो. शाळेत असताना एका मे महिन्यात तुम्ही मलाही कामाला बसवलं होतं आणि मी कानात कापूस कोंबून बसलो होतो. तुम्ही तो काढलात. "डोळे मिट हवं तर. कान मिटून हे काम होत नाही." मी गड्यांसमोर म्हणालो, "हे काम नाहीच, नुसता गोंगाट आहे."  तुम्ही मला पुन्हा कधी दुकानात बोलावलं नाहीत. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पुढे कॉलेजात, इथे ऑफिसात, आणि लेकीलाही मी एकच सांगत आलो: वडिलांचा मेटलचा बिझनेस होता. बिझनेस म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

बाईने शेवटी विचारलं, अजून एक सूर उतरलेला आहे, कुणाला कळतोय का? सगळे सूर तिने एकदा वाजवले. माझ्या तोंडून निघून गेलं, "डावीकडचा, कडेचा." तिने तो पुन्हा ठोकून पाहिला, माझ्याकडे वळली आणि हा कान कुणाकडून आला म्हणून विचारलं. लेक शेजारीच उभी होती. 

"माझे वडील तांबट होते," मी म्हणालो. इंग्रजीत पुढे समजावलं, तांब्याची भांडी घडवायचे, हातोड्याने.

"बाबा, यू सेड ही हॅड अ बिझनेस."

"मला लाज वाटायची गं, म्हणून."

 ती त्या बाईच्या हाताकडे बघत म्हणाली, "वॉज ही धिस गुड?"

"हो," मी लगेच म्हणालो.

ती वाजवायला गेली. सगळी पिंपं एकदम वाजली तेव्हा मी रडलो, चारचौघांत, वॉशरूम गाठायचंही सुचलं नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तिला मी हो म्हणालो खरा, पण अण्णा, मला ठाऊक नाही. तुमचा एकही हंडा मी शेवटचा ठोका पडेपर्यंत बसून पाहिलेला नाही.