गोदावर्याः उत्तरे तीरे

अण्णा, व्हिसा मिळाला.

हे वाक्य तुम्हाला कळायला जरा वेळ लागेल, कारण तुमच्या जगात व्हिसा नव्हता आणि पासपोर्ट तर त्याहून नव्हता. तुमचा परदेश म्हणजे वणी. नवरात्रात गडावर जाऊन आलात की पुढे कितीतरी दिवस "तिकडचं पाणी जड आहे" असं सांगत असायचात. त्र्यंबकला जाणं तर तुम्ही प्रवासात धरतच नव्हतात. तेव्हा समजावून सांगते. परक्या देशात पाहुणं म्हणून पाऊल टाकायचं असेल तर त्या देशाला आधी सगळं सांगावं लागतं. मी कोण, कुणाची, कुठली, कशासाठी येते आहे आणि परत कधी जाईन. मग तो देश सावकाश विचार करतो आणि पासपोर्टाच्या एका पानावर रंगीत कागद चिकटवून देतो, किंवा देत नाही. मला दिला. आज दुपारी पाकीट आलं. मी ओट्याशी उभ्या उभ्याच सुरीने ते फोडलं, पानं उलटली, आणि एका पानावर माझाच फोटो दिसला, पोलीस शोधत असलेल्या बाईसारखा. तशीच फरशीवर बसले. मग उठून चहा केला, तो प्यायचा राहून गेला, म्हणून परत केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मान दुखत नाहीये.

देशाचं नाव नॉर्वे. अगदी वर, पृथ्वीच्या टाळूजवळ. जून महिन्यात त्याच्या वरच्या भागात सूर्य मावळतच नाही. आता तुम्हाला आठवायला लागलं असेल.

भावाची मुंज नुकतीच झाली होती. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांत बाहेर तुम्ही त्याला संध्या शिकवताय, तो पळीतलं पाणी मांडीवर सांडतोय, आणि आत मी आईजवळ मेथी निवडत बसले आहे. शाळेत त्याच आठवड्यात भूगोलाच्या बाईंनी मध्यरात्रीचा सूर्य शिकवला होता. तुम्ही बाहेर सांगताय, सायंसंध्या सूर्य अर्धा बुडालेला असताना करावी, ती उत्तम. मी आतूनच विचारलं, "अण्णा, जिथे सूर्य बुडतच नाही तिथे संध्या कधी करायची?" मग तुमचा आवाज आला, "शिकवतोय कुणाला आणि विचारतंय कोण." भाऊ खूश झाला, कारण तेवढ्यात त्याचं आचमन चुकलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तुम्ही प्रश्न टाकून दिला नाहीत. रात्री पानावर बसल्यावर स्वतःहून काढलात. म्हणालात, आपलं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, उत्तरायणभर त्यांच्याकडे ऊनच असतं. मी म्हटलं, "मग देव संध्या कधी करतात?" तुम्ही म्हणालात, "देव कुणाची करणार?" आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आणि तिथल्या बायकांनी दिवा कधी लावायचा?" यावर तुम्ही हातातला घास परत पानात ठेवलात. शेवटी म्हणालात, "मला माहीत नाही. तुला प्रश्न पडलाय, तू जाऊन बघ." तुमच्या तोंडून "मला माहीत नाही" हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही ऐकल्याचं आठवत नाही.

तर मी चालले आहे बघायला. एवढंच कारण. पण एवढं कारण कुणालाच पुरत नाही, हे मला या दोन महिन्यांत कळलं.

कॉलेज रोडवर एक मुलगा व्हिसाची कामं करून देतो. मुलगा म्हणजे तीस-पस्तिशीचा, पण मला आता सगळेच मुलगे वाटतात. कुंभमेळ्यासाठी खोदून ठेवलेले रस्ते ओलांडून मी त्याच्याकडे पोचले. त्याने पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तिकडे कोण असतं? मुलगा की मुलगी?"

"कोणी नाही."

"मग बोलावलंय कोणी?"

"सूर्याने."

"तसा कॉलम नाहीये, मॅडम." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मग त्याने मला समजावलं की लोक नॉर्वेला आकाशातले हिरवे दिवे बघायला जातात आणि ते थंडीत दिसतात. "जूनमध्ये तिकडे काय आहे?"

"ऊन."

"उन्हासाठी नाशिक सोडून कोण जातं, मॅडम?"

मुद्दा बिनतोड होता. मग त्याने माझी माहिती भरायला घेतली. लग्न? नाही. मुलं? नाही. आईवडील? नाहीत. एक भाऊ, तो पुण्यात. घर? भाड्याचं. त्याचा चेहरा उतरत गेला. खुर्ची मागे ढकलून तो म्हणाला, "मॅडम, तिकडे तुमचं कोणी नाही, ते चांगलंय. पण इकडे पण कोणी नाही, ते वाईटंय. त्यांना वाटणार, ही बाई परत कशाला येईल?" मी हसले खरी, अण्णा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला परत येण्याचं कारण दाखवा म्हणून सांगितलं की ती इकडेतिकडे बघायला लागते. मी शाळेचं पत्र दाखवलं. संस्कृत शिकवते, दहावीचा वर्ग आहे, जूनच्या मध्याला शाळा उघडते. "संस्कृत," तो म्हणाला, "स्कोअरिंग होतं. मी पण घेतलं होतं." मग आठवून आठवून "देवः देवौ देवाः" म्हणाला आणि तिथेच थांबला. पुढच्या विभक्तीशी त्याचा संबंध कधी आला नसावा.

अर्जासोबत आपण कशाला जातो आहोत हे सांगणारं पत्र जोडायचं असतं. ते त्याने भराभरा टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. मी निसर्गसौंदर्य पाहायला, विश्रांतीला आणि शॉपिंगला जाते आहे, असं त्यात होतं. मी म्हटलं, शॉपिंग काढ. "राहू द्या ना, मॅडम. शॉपिंग वाचलं की त्यांना बरं वाटतं." आणि तिथे, त्या एसीच्या गार हवेत, मला तुमचा पूल आठवला.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही मला पोथी वाचायला शिकवत होतात. संकल्प आला. पूजेला बसणारा माणूस देवाला आधी आपला पत्ता सांगतो, तो संकल्प: कुठल्या द्वीपात, कुठल्या देशात, नदीच्या कुठल्या काठावर, कोण, कुठल्या गोत्राचा, आणि कशासाठी बसला आहे. त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर जे होतं तेच, फक्त गोत्राच्या जागी पॅन नंबर. मी पोथीत छापलं होतं तसं खणखणीत वाचलं, "गोदावर्याः दक्षिणे तीरे". तुम्ही विचारलंत, "तू कुठे बसली आहेस?" मी म्हटलं, पंचवटीत. "पंचवटी कुठल्या काठाला?" मी बोट परत पोथीतल्या ओळीवर नेलं. पोथी छापणारा असेल दक्षिण काठाचा, पुण्याकडचा. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर. आपण उत्तर काठाचे. तुम्ही म्हणालात, "दक्षिणे म्हणायचं असेल तर पूल ओलांडून जा, पलीकडे उभी राहून म्हण आणि ये. आणि जातेच आहेस तर कोथिंबीर आण." मला वाटलं गंमत करताय. गंमत नव्हती. मी पूल ओलांडून गेले, पलीकडे एका गायीसमोर उभी राहून "दक्षिणे तीरे" म्हटलं आणि परत आले. येताना मला युक्ती सुचली होती. दारातूनच म्हटलं, "अण्णा, रामकुंडापाशी नदी दक्षिणेला वळते. मग आपला काठ पूर्वेचा झाला." तुम्ही पोथीतून मान वर न करता म्हणालात, "नदीला वळू दे. कोथिंबीर कुठाय?"

ती पलीकडेच राहिली होती. परत गेले.

पण संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत की संकल्पात मागणं कितीही मोठं असलं तरी चालतं, देव बघून घेतो. पण उभे असू तिथलंच सांगायचं आणि करणार असू तेच म्हणायचं. म्हणून मी त्या मुलाला शॉपिंग काढायला लावलं. त्या जागी एकच वाक्य लिहून दिलं, की वडिलांनी एका प्रश्नाचं उत्तर बघायला सांगितलं होतं, ते बघायला जाते आहे. त्याने ते दोनदा वाचलं. "रिजेक्ट झालं तर मला बोलू नका," म्हणाला. भावाला फोनवर सांगितलं तर तोही तेच. "ताई, या वयात एकटी? आणि ते असलं काय लिहिलंस? मी पाठवतो ना तुला दुबईला." मी विचारलं, तुला संध्या येते का रे अजून? म्हणाला, "जानवं कुठे आहे ते हिला विचारावं लागेल." हिला म्हणजे बायकोला.

मग मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले आणि वाट बघणं सुरू झालं. आणि एक दिवस शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मी पेपर तपासत बसले असताना फोन आला. एका पोराने "अहं गच्छसि" लिहिलं होतं, म्हणजे मी जातेस. मी लाल रेघ मारत होते. पलीकडे दिल्लीहून बोलणारी एक बाई, त्यांच्या दूतावासातली. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, व्याकरणाला धरून आणि जीव मुठीत धरून. तिने विचारलं, तिकडे कुणी ओळखीचं? नाही. आधी कुठे परदेशी गेलात? नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, हे पत्रात जे लिहिलंय ते काय आहे? मी सांगितलं. संध्या म्हणजे काय, सूर्य अर्धा बुडायला का लागतो, मेथी, आईचा दिवा, सगळं. समोरच्या टेबलावरचे गणिताचे सर डबा उघडायचे थांबून ऐकत होते. माझं बोलून झालं तेव्हा तिने इंग्रजी सोडलं आणि हळूच विचारलं, "फिर पिताजी ने क्या कहा?" मी म्हटलं, त्यांनी सांगितलं, मला माहीत नाही, जाऊन बघ.

मग ती पुन्हा इंग्रजीत शिरली आणि ज्याची मला धास्ती होती ते विचारलं. तुम्ही परत येणार याची खात्री काय? दहावीचा वर्ग, शाळेचं पत्र, सगळं पाठ केलं होतं, अण्णा. तोंडून निघालं वेगळंच. म्हटलं, बाई, जिथे संध्याकाळच होत नाही तिथे माणूस किती दिवस राहील? ती हसली. खोटं नव्हतं ते. शाळा सुटल्यावर पुलावरून घरी येताना दिवेलागण होते, देवळांतल्या घंटा एकीत एक मिसळतात, भाजीवाल्या उरलेल्या जुड्या स्वस्त करतात; रोजचंच, म्हणून कारणांत मोजायचं मला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, ठीक आहे, कळवू. फोन ठेवल्यावर गणिताचे सर म्हणाले, "गेलं तुमचं." आणि डबा उघडला.

गेलं नव्हतं. आज संध्याकाळी त्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "बघा मॅडम, मी म्हटलं होतं ना, शॉपिंग नको."

आता एकच तांत्रिक अडचण उरली आहे. तिथे बसून संकल्प सोडायचा तर पत्ता काय सांगायचा? जंबुद्वीप चालेल, मेरू त्याच्याच मधोमध आहे आणि मी मेरूच्याच बाजूला चालले आहे. भरतवर्ष गाळावं लागेल. दंडकारण्यही. पण पुढचं मी नकाशा काढून नीट तपासलं, अण्णा. तो देश गोदावरीच्या उत्तरेलाच आहे. काठ जरा रुंद धरावा लागेल, एवढंच. पूल ओलांडायची गरज नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. त्या मुलाने दिलेल्या फाइलमध्ये हॉटेलच्या कागदामागे एक कप्पा रिकामा आहे, तिथे राहील. फक्त एक सांगायचं आहे, जे तुम्ही असताना सांगितलं नाही. संध्या मला येते. आचमनापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. मेथी निवडता निवडता आली. तेव्हा मला एवढंच कळायचं नाही की तुम्ही इतक्या मोठ्याने का शिकवताय. भाऊ तर तुमच्या समोरच, हाताच्या अंतरावर बसलेला असायचा.