अण्णाच्या शेजारच्या खुर्च्या

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
मिस्सा संपल्यावर फादरनी थांबवलं. गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला बारा खुर्च्यांपैकी सहा फौंड्रीतल्या झारखंडच्या मुलांना द्यायच्या. "अण्णांना तेवढं तुम्ही समजवा." पहिली खुर्ची अण्णाची. त्याआधी बाबांची होती.

१४ एप्रिल
सांगितलं. भाऊ माझा, भडकलाच. "आदीच ह्या कानडी मुलखात मराठीला जागा न्हाय, आता चर्चमधी बी ही बाहेरची? मी यायचाच न्हाय!"
म्हटलं, आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टर कुठल्या गावच्या होत्या?
"त्या शिकवायला आलत्या गं. ही पोटाला आल्यात."
आजोबाही पोटालाच आले होते, कोकणातून. चहा ठेवायला उठले.
सिस्टरांचं मोडकं मराठी आठवत राहिलं. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. ओळखपत्रं कुणी विचारली असतील त्यांना?

१६ एप्रिल
आमच्या अनगोळात कोपऱ्यावर बैठक. परप्रांतीयांना खोल्या देऊ नका, ओळखपत्रं तपासा म्हणे. माझ्या मागच्या खोलीत सिमोन आणि त्याची बायको. शेजारच्या वहिनी कुंपणावरून, "आक्का, तुमचा तो बांगलादेशी न्हाय न्हवं?"
"अहो, फौंड्रीतला सिमोन. रोज रोझरीची प्रार्थना म्हणतो. ऐकू येत नाही?"
"ऐकू येतंय, कळत न्हाय, म्हणूनच तर इचारते की."
घरात आले.
रात्री अण्णाचा फोन. "येतो. पण शेजारी बसलो तरी बोलणार न्हाय त्यांच्याशी."

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
अण्णा आला. घरून साबणानं पाय धुऊन, नवे मोजे. सगळेच तसे येतात. फादरना दरवर्षी धुतलेलेच पाय मिळतात.
आपले सहा बसले. पलीकडच्या सहा रिकाम्या. सिमोनच्या खोलीला सकाळपासून कुलूप, फोन बंद. फौंड्रीतलं एकही पोर नाही.
फादर तांब्या घेऊन वाकले. अण्णानं पाय मागे घेतला. वाटलं, झालं, आता भांडण.
"थांबा फादर. ती पोरं यायची हायत न्हवं?"
सगळं चर्च थांबलं. फादर तसेच वाकलेले.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आलं नाही कुणी. काल शेवटी पाच जणांचेच पाय धुतले. अण्णा मोजे चढवून उठला तो थेट घरी.
मागच्या दोरीवर सिमोनच्या बायकोची साडी तशीच. आत घ्यावी का, कळेना. वहिनी कुंपणावरून बघून गेल्या.
दुपारी अण्णा आला. "आगू, लागला काय गं फोन?"
"नाही."
"परत लाव."
लावते आहे.