तिसरा चोर

आबा, आज कॉलेजात पोरांना तुमचा सिनेमा दाखवला. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला विचारायचा प्रश्न नव्हता. विषय होता, जुन्या सिनेमात कोण दिसतं आणि कसं दिसतं. मी हे शिकवते, त्याचा पगार घेते.

सिनेमा काढला तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. शिरूरकडची निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, आपण मेंढरांपायी मागे राहिलो. दूध सोसायटीचं गोदाम ओस पडलं होतं, म्हणून मुंबईच्या लोकांनी ते चोरांच्या अड्ड्यासाठी घेतलं. चोर-पोलिसांचा विनोदी सिनेमा. इन्स्पेक्टर गोरा, चोरांचा म्होरक्या गोरा, पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा मुंबईहून आणून त्यांच्या तोंडाला काळं फासलेलं. खरं काळं तोंड एकच हवं होतं, मार खाणाऱ्या तिसऱ्या चोराचं. मेंढरांमागे तुम्ही चालला होतात आणि सोसायटीच्या चेअरमननी बोट केलं. "ह्यो घ्या. ह्याला रंगवायची गरज न्हाई." तुम्ही हसलात. तुम्हाला ते कौतुक वाटलं, का चेअरमनसमोर दुसरं काही करता येत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आदल्या दिवशी आईने टँकरच्या पाण्याचा अख्खा हंडा तुमच्या धोतर-सदऱ्यावर खर्च केला. फोटो काढायचा म्हणजे माणूस धुतलेल्या कपड्यात जातो, एवढंच आपल्याला माहीत. तुम्ही दाढी केली, लग्नातला लाल पटका काढला आणि चुलीपुढे बसून मिळालेलं एकुलतं वाक्य म्हणत राहिलात. "सायेब, म्या काय बी चोरलं न्हाई." आई म्हणाली, "लई चांगलं म्हंताय. पर मान वर ठिवा."

तुम्हाला पाहून डायरेक्टरने कपाळावर हात मारला. "अरे, चोर मागितला होता, नवरदेव नाही." पटका काढून घेतला. त्याच टँकरचं दोन बादल्या पाणी मातीत कालवलं आणि तुमच्या डोक्यावरून ओतलं. मग इन्स्पेक्टरची थप्पड मनासारखी बसेना म्हणून ती अकरा वेळा घेतली. रिकामे हंडे घेऊन उभं असलेलं गाव हसत होतं. आई तुमच्या अंगावरून वाया जाणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

सिनेमा जत्रेच्या तंबूत लागला, तेव्हा तुमच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा चिरका आवाज होता. वाक्यही बदललेलं. "मारा सायेब, मला सवयच हाय." तंबूत हशा पिकला. तुम्हीही टाळ्या वाजवल्या. पुढे मरेपर्यंत गाव तुम्हाला त्याच वाक्याने हाक मारत राहिलं, आणि तुम्ही ओ देत राहिलात. मला त्याचाच राग आहे. चेअरमनचा नाही तेवढा तुमचा.

आज पोरं हसली नाहीत. त्यांना संताप आला, तसा यावा म्हणूनच मी शिकवते. मांजरसुंब्याकडची एक मुलगी उठली. "मॅडम, ह्यांचं नाव बी दिलं न्हाई. कोण हायत हे?" मी सिनेमा थप्पडीवर थांबवला होता, पडदाभर तुमचा चेहरा. माझं नाक तुमच्यावर गेलंय, कुणी जरा निरखून बघितलं असतं तर कळलं असतं. मी म्हणाले, "असेल कुणी स्थानिक माणूस. अशांची नोंद कोणी ठेवत नाही."

हे पाठवायला पत्ता नाही आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं, म्हणूनच लिहवतंय. त्या मुलीने माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं, आबा, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.